सावकाशची नऊ मिनिटं

कागदावर नऊ मिनिटं होती. ताईने ती आधी बोटांवर मोजली, मग पेनने, मग मोबाइलमध्ये वजाबाकी करून पाहिली. अकरा एकवीस वजा अकरा बारा. कशीही मोजा, नऊच. एवढ्या वेळात माणूस चहा टाकतो, पितो आणि कप विसळून पालथा घालतो. एवढ्याच वेळात तिचा दादा गेला होता.

ताई अग्निशमन केंद्राची स्टोअरकीपर. दोरखंड, हेल्मेटं, ऑक्सिजनचे सिलिंडर, बँडेजचे गठ्ठे, सगळं तिच्या ताब्यात आणि सगळं जागच्या जागी. वय बावन्न, चष्मा दोरीला, जीभ धारेला. जवान तोंडावर ताई म्हणत, पाठीमागे काय म्हणत तेही तिला माहीत होतं आणि त्यावर तिची हरकत नव्हती. धाकाशिवाय स्टोअर चालत नाही, असं तिचं मत. कात्री नेली तर ती परत आणायची, पुसून आणायची आणि पुसली हे सांगायचं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिने मुद्दाम पुढे लावलेलं, पाळीवर येणारे वेळेत यावेत म्हणून. पहिले काही दिवस सगळे फसले, मग शहाणे झाले, तरी ताईने घड्याळ मागे घेतलं नाही. घरीही तीच तऱ्हा. दादा यायचा तेव्हा चपला काढतानाच म्हणायचा, “आलो बाई तुझ्या घरी. उगाच म्हातारा झालो.”

दादाचं दुकान केंद्रापासून चार चौक पुढे. फोटोंना फ्रेमा करायचं. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, काच कापता कापता तो स्टुलावरून घसरला आणि उठलाच नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने फोन लावला. गाडी सुटली ती ताईच्याच केंद्रातून. ती तेव्हा वरच्या मजल्यावर पाण्याचे पाइप मोजत होती. सायरन वाजला, गाडी गेली, तिने मान वळवूनही पाहिलं नाही. गाड्या काय, रोजच जातात.

ती तातडीच्या मदतीची छोटी गाडी, दोघांची. चालवायला भोंगा. साधं “पाणी दे” म्हणाला तरी दोन खोल्यांपलीकडचा माणूस दचकायचा, म्हणून भोंगा. दुसरा पथकाचा प्रमुख, सावकाश. बुटांच्या नाड्या दोनदा बांधणारा, हातमोजे बोट बोट ओढून घालणारा, सही करण्याआधी कागद उलटा करून मागेही बघणारा. पंधरा वर्षांत त्याच्या हातून एक गाठ सैल सुटली नव्हती, आणि हे नाव त्याला लाडाने पडलं होतं. आता ताईला त्या नावात लाड दिसेना.

गाडीत एक पिवळी पेटी असते, हृदय अचानक बंद पडलेल्या माणसासाठी. झाकण उघडलं की ती बोलायला लागते. छाती उघडी करा, पट्ट्या चिकटवा, हात बाजूला घ्या. मग स्वतःच हृदयाची चाल तपासते आणि झटका द्यायचा की नाही तेही स्वतःच ठरवते. माणसाने फक्त बटण दाबायचं. दरवर्षी शिकवायला येणारे प्रशिक्षक हेच घोकून घेत. “पेटी तुमच्यापेक्षा शहाणी आहे. आपलं डोकं चालवू नका, तिचं ऐका. आणि उघडायला वेळ लावू नका, मिनिटामिनिटाला माणूस हातातून जातो.” तरी काही जवान पेटीला बिचकत. चुकून भलत्यालाच झटका बसला तर? ताईला हे ठाऊक होतं. म्हणून तर दर महिन्याला ती पेटी स्वतः तपासायची. हिरवा दिवा, पट्ट्यांवरची तारीख, कात्री, छातीवरचे केस काढायचा वस्तरा, बॅटरी. माणूस बिचकेल, पण आपली पेटी दगा देणार नाही, हा तिचा अभिमान होता.

पेटीला आठवणही असते. झाकण कधी उघडलं, पट्ट्या कधी लागल्या, झटका कधी दिला, सगळं वेळेसकट आत साठतं. पेटी वापरली की मुख्य कार्यालयातला तंत्रज्ञ ते छापून पाठवतो, आणि तो कागद आधी ताईच्या टेबलावर येतो. तसाच हाही पाचव्या दिवशी आला. नियंत्रण कक्षाची चिठ्ठी सांगत होती, गाडी दुकानापाशी पोहोचली अकरा बाराला. पेटी सांगत होती, झाकण उघडलं अकरा एकवीसला. मधली नऊ मिनिटं सावकाश काय करत होता? ताईच्या मनात पाल चुकचुकली, ती काही गप्प बसेना.

नियमाप्रमाणे तिने कागदाची एक प्रत सावकाशच्या खणात ठेवली आणि स्टोअरच्या खिडकीतून बघत उभी राहिली. त्याने कागद उभ्याउभ्या वाचला. उलटा करून मागे बघितलं. परत वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि बराच वेळ खणाच्या दाराची कडी नुसतीच खालीवर करत राहिला. ना कुणाला काही बोलला, ना काही विचारलं. निर्दोष माणूस असं करतो? निर्दोष माणूस कागद नाचवत येतो आणि ओरडतो, की हे काय लिहिलंय! ताईने तरी तेच केलं असतं.

तिने भोंग्याला गाठलं. तो गाडीची काच पुसत होता.

“दुकानात शिरल्यावर काय काय झालं, नीट सांग.”

“सांगितलंय की ताई तुम्हाला. मी शिरलो तो थेट छाती दाबायलाच बसलो. सावकाशने शर्ट कापला, पेटी उघडली.”

“लगेच?”

“लगेच म्हणजे अगदी लगेच.”

“म्हणजे किती मिनिटांनी?”

“आता दाबता दाबता मी घड्याळ बघू का? माझं आपलं एक, दोन, तीन, चार चाललेलं.”

“मग लगेच कशावरून म्हणतोस?”

भोंग्याने फडकं पिळलं. त्याचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. “मला लगेच वाटलं,” तो म्हणाला.

वाटलं! ताई परत आली ती हाच शब्द चघळत. पंधरा वर्षं एका गाडीत बसलेली, एकमेकांचे डबे खाल्लेली माणसं. एकाने दुसऱ्याला सांभाळून घेतलं तर नवल काय? आणि ज्याचा आवाज चौकापलीकडे जातो, त्याचा आवाज आत्ताच कसा बसला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग ती झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्या भल्या माणसाने स्टूल दिलं, पाणी दिलं आणि डोळे पुसत सांगितलं, “बराच वेळ लागला हो. मी बाहेर उभा होतो, माझे हातपाय गार पडलेले. मला तर तास वाटला. एकजण दाबत होता आणि दुसरा गुडघ्यावर बसून काहीतरी करत होता.”

“काय करत होता?”

“पाठ होती माझ्याकडे. पण घाई काही दिसत नव्हती त्याची.”

वाट बघणाऱ्याचं मिनिट लांब असतं, हे एरवी ताईला कुणी शिकवायला नको होतं. पण संशय चढला की माणूस आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो. ‘घाई दिसत नव्हती’ हे तीन शब्द तिने पदरात बांधून घरी आणले.

पुढे तर पुराव्यांची रांगच लागली. सावकाश वहिनीकडे गेला, दारात उभा राहिला, वहिनी “आत या” म्हणाली तर “नको” म्हणून तसाच माघारी फिरला. चोराच्या मनात चांदणं, ताई म्हणाली. मग त्याने अर्ज दिला, मला छोट्या गाडीवरून काढा, आगीच्या गाडीवर टाका. त्यानंतर एका दुपारी ताई मागच्या अंगणात वाळत घातलेले पाइप बघायला गेली, तर सावकाश तिथे सरावाची रबरी बाहुली आणि सरावाची पेटी घेऊन एकटाच बसलेला. मनगटावरचं घड्याळ काढून समोर जमिनीवर ठेवलेलं. कात्री, पट्ट्या, बटण. मग घड्याळ बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं त्याने सहा वेळा केलं. ताई पाइपांच्या आड उभी राहून मोजत होती. साहेब आता शिकतायत, तिच्या मनात आलं, आणि तिचा इतका संताप झाला की हातातला पाइप तिने तसाच टाकून दिला. स्टोअरच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं असावं.

सावकाशला मात्र तिने एकदाही विचारलं नाही. चोराला विचारून का चोरी कळते?

रविवारी ती वहिनीकडे गेली. दादाचा फोटो कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला होता, नुसता, बिनफ्रेमचा. आयुष्यभर जगाच्या फोटोंना फ्रेमा घालणाऱ्याच्या फोटोला फ्रेम घालायला घरात कुणी उरलं नव्हतं. ताईने पर्समधून दोन्ही कागद काढले आणि वहिनीसमोर ठेवले.

“नऊ मिनिटं, वहिनी. पेटी हातात घेऊन तो माणूस नऊ मिनिटं नुसता उभा होता.”

वहिनीने कागदाला हात लावला नाही. “वन्सं, मी त्या माणसाचा चेहरा बघितलाय. दारात उभा होता तेव्हा.”

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?”

“नाही, म्हणजे... तुम्हाला खात्री आहे ना?”

“वहिनी, सव्वीस वर्षं मी त्या पेट्या आणि खोकी सांभाळतेय. माणूस खोटं बोलेल. यंत्र कशाला बोलेल?”

“लवकर उघडली असती तर हे वाचले असते का?”

ताईने क्षणभर विचार केला. खरं उत्तर होतं, सांगता येत नाही. “असते,” ती म्हणाली.

तक्रार ताईने लिहिली आणि वहिनीने सही केली. सही कुठे करायची ती जागा ताईने बोटाने दाखवली.

तक्रार वर गेली तशी सावकाशला गाडीवरून उतरवून वॉकी-टॉकी चार्ज करायच्या कामावर बसवलं. संशयाला पाय फुटले की तो कुणाच्याही घरात शिरतो. कालपर्यंत त्याच्याबरोबर डोळे मिटून धुरात शिरणारे जवान आता एकेक आठवण काढू लागले. त्या गोदामाच्या वेळी पण तो जरा मागेच होता, नाही का? त्या लिफ्टच्या वेळी पण? कोळसा उगाळावा तितका काळाच. जेवताना त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. भोंगा तेवढा मुद्दाम तिथे जाऊन बसायचा, पण त्याच्याशी बोलायचा नाही. आणि सावकाश? तो वॉकी-टॉकी एका ओळीत लावायचा, एकेकीचा दिवा बघायचा आणि कुणी नजरेला नजर दिली की आपणच खाली बघायचा. ताईला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, दादा गेल्यापासून तिच्या छातीत जे बसलं होतं ते त्याच्याकडे बघितलं की जरा हलकं व्हायचं. तिला रडू येत नव्हतं, रडण्याऐवजी तिला सावकाश मिळाला होता.

चौकशी गुरुवारी दुपारी अडीचला होती, मुख्य कार्यालयात. ताई सकाळपासून फाइल लावत होती. आता तिच्याकडे रुग्णालयाचाही कागद आला होता. तिने तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि शेवटचं एकदा वाचायला घेतले, सावकाशला पळायला वाट राहू नये म्हणून. रुग्णालय सांगत होतं, रुग्ण आला अकरा अडतीसला. एकोणचाळीसला अग्निशमनच्या पट्ट्या काढल्या आणि त्यांनी स्वतःचं यंत्र लावलं. पेटीच्या कागदावरची शेवटची ओळ होती, पट्ट्या निघाल्या, अकरा सेहेचाळीस.

ताईने चष्मा पुसला. पट्ट्या एकोणचाळीसला निघाल्या, तर सेहेचाळीसपर्यंत त्या होत्या कुणाच्या छातीवर?

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. सापडला! याने पेटीशी काहीतरी उचापत केली, वेळा बदलल्या आणि शेवटची ओळ बदलायची विसरला. पण वेळा बदलायच्याच तर नऊची दोन करायची, स्वतःच्या गळ्यात कशाला बांधून घ्यायची? ती पेन दातांत धरून बसली.

तेवढ्यात दार ढकलून भोंगा आला. “ताई, दोनला गाडी निघेल, तयार राहा!” त्याने सवयीने भिंतीवर नजर टाकली. “दोनला पाच कमी. वजा सात. म्हणजे अजून बारा मिनिटं आहेत, एक चहा होतोय. घेणार?”

“काय म्हणालास?”

“चहा, चहा. घेणार का?”

“त्याच्याआधी.”

“बारा मिनिटं आहेत.”

“त्याच्याआधी रे!”

“वजा सात,” भोंगा म्हणाला. “आता तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं, तर वजा नको करायला? सगळेच करतात.”

तो चहा आणायला गेला. ताई उठली. पेटी कपाटातच होती, चौकशीसाठी सील करून ठेवलेली. सील तिचंच होतं, तिनेच तोडलं. बाजूचं बटण दोनदा दाबलं की छोट्या पडद्यावर वेळ येते. एक छप्पन्न. तिने मान वर केली. भिंतीवर एक छप्पन्न. तिने मोबाइल काढला. एक एकोणपन्नास.

ती सिलिंडरच्या खोक्यावर बसली आणि तिला सगळं आठवलं. चार महिन्यांपूर्वी तिने पेटीची बॅटरी बदलली होती. बदलल्यावर पेटीने विचारलं होतं, वेळ टाका. कुणी दुसरा असता तर तसंच पुढे गेला असता. ताई कशी जाईल? तिने काळजीपूर्वक, नेहमीप्रमाणे, मान वर करून भिंतीकडे बघितलं होतं आणि जे दिसलं ते मिनिटासकट पेटीत घातलं होतं. माणसं घड्याळ बघून वजा सात करत होती. पेटीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

अकरा एकवीस वजा सात. अकरा चौदा. दोन मिनिटं. दोन मिनिटांत गाडीतून उतरायचं, टेबल सरकवायचं, फुटलेल्या काचा बाजूला सारायच्या, नाडी बघायची, शर्ट कापायचा. गुडघ्यावर बसून सावकाश हेच करत होता. याहून लवकर कुणाला जमलं नसतं.

खोलीत कुणी नव्हतं. पेटीचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. सात मिनिटं मागे घ्यायला सात सेकंदही लागले नसते. भिंतीवरचं घड्याळ तर हाताच्या अंतरावर. मग तिची सव्वीस वर्षं तशीच चकचकीत राहिली असती, आणि वहिनीला कधी कळलं नसतं की तिच्याकडून सही घेतली ती कशावर. रुग्णालयाच्या कागदावरची ती ओळ कुणाच्या लक्षात येणार होती? तिच्या स्वतःच्याही आज तिसऱ्या वेळी आली. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती सगळ्यात वाईट. सावकाशने वेळ घालवला नसेल, तर दादा उगाचच गेला. कुणाच्याही चुकीने नाही, नुसताच गेला. तिला ते नको होतं. सावकाशच दोषी असता तर बरं झालं असतं, असं तिला त्याही क्षणी वाटलं, आणि वाटल्याची शरम वाटली.

भोंगा दोन कप घेऊन आला तेव्हा ताई स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढत होती.

“ताई, घड्याळ कुठे नेताय?”

“साक्षीला,” ताई म्हणाली.

चौकशीची खोली लहानशी होती. लांब टेबल, पलीकडे अधिकारी साहेब, अलीकडे वहिनी. सावकाश कोपऱ्यातल्या खुर्चीवर, धुतलेल्या गणवेशात, नाड्या दोनदा बांधलेल्या. ताई पेटी आणि काखेत घड्याळ घेऊन आत आली तेव्हा साहेबांनी भुवया उंचावल्या.

“बसा. फार वेळ लागणार नाही. यांनी स्वतःच लिहून दिलंय.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

अक्षर सावकाशचं होतं, एकेक अक्षर सुटं, नीट. ‘मी पेटी उघडायला नऊ मिनिटे लावली. मला भीती वाटली. माझ्यामुळे तो माणूस गेला. मला कामावरून काढावे, माझी हरकत नाही.’ खाली सही आणि परवाची तारीख.

ताईने कागद दोनदा वाचला. मग टेबलावर पेटी ठेवली, पेटीशेजारी घड्याळ ठेवलं, बटण दोनदा दाबलं आणि म्हणाली, “साहेब, तुमच्या मोबाइलमध्ये किती वाजले बघा.”

साहेबांनी बघितलं. मग पेटीवर बघितलं, मग घड्याळात.

“हे घड्याळ माझं,” ताई म्हणाली. “मुद्दाम पुढे ठेवलेलं, मीच. आणि पेटीची वेळ मी यावरून लावली. पेटी मी तपासते, दर महिन्याला, दुसरं कुणी हात लावत नाही. यांना दोन मिनिटं लागली. नऊ माझी आहेत.” तिने रुग्णालयाचा कागद पुढे केला आणि ती ओळ बोटाने दाखवली.

साहेबांनी तिन्ही कागद घेतले आणि पेनने वजाबाकी करू लागले. वहिनी ताईकडे बघत होती.

“म्हणजे यांनी वेळ नाही घालवला?”

“नाही, वहिनी.”

“कुणीच नाही घालवला?”

“कुणीच नाही. सगळं वेळेत झालं होतं.”

“मग हे गेले कसे हो, वन्सं?” वहिनीने विचारलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ताईला रडू फुटलं. भर चौकशीत, साहेबांसमोर, चष्मा काढायचंही भान राहिलं नाही.

साहेबांनी घसा साफ केला. “मग तुम्ही हे असं का लिहून दिलंत?” त्यांनी सावकाशला विचारलं.

“पेटी शहाणी असते, साहेब,” सावकाश म्हणाला. “तसंच शिकवलंय आम्हाला.”

मग तो खुर्ची थोडी वळवून ताईकडे फिरला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला सोपं गेलं असतं.

“कागद आला त्या दिवशी मला काहीच आठवेना, ताई. मला वाटत होतं, आपण लगेच उघडली. सराव करून बघितला, दर वेळी दोन मिनिटांच्या आत पेटी उघडायची. मग बाकीची मिनिटं गेली कुठे? रोज आठवत बसायचो. आणि मग आठवली. दुकानात भिंतीवर रिकाम्या फ्रेमा टांगल्या होत्या. मी पेटी हातात घेऊन त्या मोजत होतो. तेवीस. भोंगा ओरडत होता, आणि मी नुसता मोजत होतो. अगदी लख्ख आठवलं. बायकोला सांगितलं. मुलीला बसवून सांगितलं, तुझा बाप असा आहे म्हणून.”

“पण तसं झालंच नाही,” ताई कशीबशी म्हणाली.

“नाही ना. आता कळलं.” त्याने टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. “पण मला अजून दिसतंय. आत्ताही दिसतंय. ती नऊ मिनिटं तुमची आहेत म्हणालात, पण ती माझ्याकडेच राहिली. आता मी ती कुठे ठेवू, सांगा.”

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. सावकाश हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत उत्तराची वाट बघत बसला. त्याला घाई नव्हती.